जायची दोन, यायचं एक

ज्या वर्षी घाटंजीतली जिनिंग बंद पडली, त्याच्या पुढच्याच वर्षी माझा नवरा पहिल्यांदा विमानात बसला.

त्या जिनिंगमध्ये तो फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींचे रोलर, पट्टे, बेअरिंग सगळं त्याच्या हाताखालचं. ते दिवस आमच्या भागात कापसाचे फार वाईट होते. पेपर उघडताना भीती वाटायची, आणि शाळेच्या पालकसभेतही दुसरा विषय निघत नसे. दसरा झाला तरी जिनिंगचं फाटक उघडलं नाही, तेव्हा तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून संध्याकाळी परत यायचा. डबा खाल्लेला असायचा. मी काही विचारत नसे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, म्हणून घर चालत होतं. पण कामाशिवाय बसलेला माणूस हळूहळू आवाज हरवून बसतो, ते मी रोज पाहत होते.

मग एका जुन्या व्यापाऱ्याच्या ओळखीनं त्याला कोइमतूरला नोकरी लागली. जिनिंगच्या मशिनी बनवणारी एक कंपनी होती तिथली. कापसाच्या हंगामात मशीन बंद पडली की बाहेर गाड्यांची रांग लागते, मालक थांबायला तयार नसतो. त्यामुळे कंपनी आपल्या माणसांना विमानानं पाठवायची. आज गुजरात, परवा आंध्र, मग मध्यप्रदेश. आमच्या गावात कापसाला कोणी विचारत नव्हतं आणि कापसाच्याच मशिनींसाठी माझा नवरा आभाळातून हिंडत होता. मुलगा कुठं आहे असं सासूबाईंना कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "पोरगं वरतं हाय माह्यं." ऐकणारा आधी दचकायचा, मग त्या विमानाचं सांगायच्या.

तो वर्षातून दोनदा घरी यायचा, पोळ्याला आणि मे महिन्यात. एरवी फोन. फोनवर त्याची तीन वाक्यं ठरलेली होती. "जेवलो. खोलीवर हाय. तुमचं कसं?" मुलगी हायस्कुलात, मुलगा तिच्याहून लहान. त्यांचं सांगून झालं की मी गप्प व्हायचे. तो खोलीवर आहे म्हणायचा तेव्हा मी डोळ्यांसमोर एक खोली आणायचे, पण ती नेहमी आमचीच खोली असायची. आमच्याच निळसर भिंती, आमचीच लोखंडी खाट. दुसरी कुठली खोली डोळ्यांसमोर येतच नव्हती.

विमान कंपनीचं एक कार्ड त्याच्या पाकिटात होतं. ऑफिसातल्या कारकुनानं पहिल्याच वर्षी भरून दिलेलं. ते ओळखपत्रासारखं काही असावं अशी त्याची समजूत होती. त्यावर पॉइंट जमतात, आणि त्या पॉइंटांवर फुकट तिकीट मिळतं, हे त्याला कित्येक प्रवासांनंतर एका सोबत्यानं सांगितलं. त्यानंच पाहून दिलं, पॉइंट भरपूर आहेत, पण जून संपला की जुने सगळे बाद होतील.

त्या मे महिन्यात सुटीवर आला तेव्हा त्यानं हे जेवताना सांगितलं. सोबत विमान कंपनीचं एक रंगीत पुस्तक आणलं होतं. पॉइंट देऊन काय काय घेता येतं त्याचे त्यात फोटो होते. मिक्सर, घड्याळ, चाकांची सुटकेस. शेवटी तिकिटं.

"मिक्सर घेऊन टाक," सासूबाई म्हणाल्या. "घरात राह्यते. तिकीट काय, गेलं की गेलं."

"आजी, मिक्सर तं यवतमाळले बी भेटते," मुलगी म्हणाली. "विमान भेटते काय?"

मिक्सर तिथंच मागे पडला. मग कोण जाणार यावर सुरू झालं. एवढ्या पॉइंटांत सगळ्यांचं होणार नव्हतं. दोघांचं होईल असं त्याचं म्हणणं. तो म्हणाला, आईला नेऊन आणतो, तिरुपती करू. सासूबाईंनी ताटावरून हातच उचलला.

"मले नाही येत ते. माहे कान दुखतात बसमंधीच. तुमी दोघं जा."

"अवो पण आत्याबाई..." मी सासूबाईंना म्हटलं.

"ऐक व. लगन झाल्यावर तुमी कुठं गेले होते?"

"माहूरले."

"अन् संगं कोण होतं?"

मी हसले. संगं त्याच होत्या. रेणुकेच्या पायऱ्या चढताना त्यांचा हात मी धरला होता आणि त्यांच्या दुसऱ्या हाताला तो होता. आमच्या लग्नानंतरचा प्रवास तो एवढाच.

"मंग आता मी येत नाही," असं म्हणून त्यांनी भाकरी मोडली, आणि तो विषय तिथं संपला.

कुठं जायचं हे ठरायला मात्र वेळ लागला. मुलीनं शाळेचा नकाशा पसरला. तिचं बोट काश्मीरवर. मुलाला दिल्ली हवी होती, आपण जाणार नाही हे माहीत असूनही. नवरा आग्रा म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू सांग. तुले कुठं जावं वाटते?"

मला विचार करावा लागला नाही. "कोइमतूर," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे. "तिथं काय हाय पाह्यले? कारखाने हायेत नुसते."

"तुमी कुठं राहता ते पाह्यचं हाय मले. कुठं जेवता, कोणत्या रस्त्यानं जाता."

तो बराच वेळ नकाशाकडे बघत बसला. मुलगी नाराज झाली, ते दिसत होतं. पण तिनं काश्मीरवरचं बोट उचललं आणि खाली तमिळनाडूत नेऊन ठेवलं.

तिकिटं काढायला आम्ही यवतमाळला गेलो. बसस्टँडच्या मागे एका भाईचं नेट कॅफे होतं. त्याच्या वडिलांचं तिथंच कापूस पिंजायचं आणि गाद्या भरायचं दुकान होतं. गाद्या रेडिमेड यायला लागल्या तशी मुलानं तिथं कॉम्प्युटर मांडले. भाईनं कार्डाचा नंबर घातला, आणि मग कळलं की पॉइंट असणं वेगळं आणि सीट मिळणं वेगळं. आम्हाला हव्या त्या शनिवारी सीट नव्हती. रविवारी नव्हती. पैसे देणाऱ्याला होती, पॉइंटवाल्याला नव्हती.

"भाभी, हे लोक पॉइंटवाल्याले कोपऱ्यातली खुर्ची देतात," भाई म्हणाला. "मंगळवारचं पाहू. मंगळवारी कोणी फिरत नाही."

मंगळवारी मिळाली. नागपूरहून मुंबई, मुंबईहून कोइमतूर, दोघांची. पण परतीचं पाहायला गेला तर दोघांचं बसेना. मुंबईवरून फिरून जाण्यानं पॉइंट जास्त खाल्ले होते. उरलेल्यात एकाचंच येणं होत होतं.

भाईनं माउसवरचा हात काढला. नवरा म्हणाला, "मंग राहू दे. दुसरीकडे कुठं पाहू. सरळ मुंबईच करू."

मी म्हटलं, "पण तुमाले कुठं परत याचं हाय? तुमची सुटी तं संपतेच."

खरंच होतं. तो महिनाअखेरीला कामावर रुजू होणारच होता. तिकिटं तीनच लागत होती. जायची दोन, यायचं एक. तो काहीच बोलला नाही. माझ्या मनात आलं, हा दरवर्षी असाच एकटा जातो, तेव्हा मीही काही बोलत नाही. भाईनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "करू काय मंग?"

"करा," मी म्हणाले.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी बांधाबांध केली. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी, आणि लोणच्याची बरणी. बरणी त्यांनी जुन्या लुगड्यात अशी गुंडाळली होती की तान्ह्या पोराला कोणी गुंडाळणार नाही. "वरून आपलं गाव दिसते काय पाह्यजो," त्या म्हणाल्या.

नागपूरच्या विमानतळावर मला माझा नवरा नवीन दिसला. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना गोंधळणारा हा माणूस तिथं भराभर चालत होता. बॅग कुठं ठेवायची, कुठल्या रांगेत उभं राहायचं, सगळं त्याला ठाऊक. लोणचं हातात नेऊ देत नाहीत म्हणून त्यानं बरणी आधीच मोठ्या बॅगेत टाकली होती. मला खिडकीशी बसवून त्यानं माझा पट्टा लावून दिला. विमान उडालं तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. मग लाज वाटून सोडलं. त्यानं माझा हात परत तिथंच ठेवला.

खाली सगळं तपकिरी आणि काळं होतं. मे महिना, नांगरलेली वावरं. मध्येच वाळूचा एखादा पांढरा पट्टा, ती नदी असावी.

"आपलं गाव कुठं?" मी विचारलं.

"डाव्या हाताले, लय लांब. इथून नाही दिसत." मग थोड्या वेळानं म्हणाला, "इंदूरले जाताना एकदा एअर होस्टेसले विचारलं होतं, खाली कोणतं गाव हाय म्हून. मले वाटलं, आपल्याकडचं असन. तिले नाही सांगता आलं."

एवढ्या वर्षांत फोनवर त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. फोनवर असलं सांगता येत नाही.

कोइमतूरला उतरलो तर हवा गार. आमच्याकडे त्या दिवसांत पंख्याखालीही जीव कासावीस होतो, आणि इथं संध्याकाळी वारा सुटला होता. रिक्षा एका अरुंद गल्लीत थांबली. खाली खानावळ, वर त्याची खोली. खानावळ चालवणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या, विधवा, केसांत तरीही फूल. सगळे त्यांना अम्मा म्हणायचे. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. तो ओशाळून हसला.

शेजारी एक शिवणकाम करणारी बाई राहायची. ती मुंबईत काही वर्षं राहिलेली, हिंदी बोलायची. तिनं मला सांगितलं, "अम्मा विचारतात, ही तीच बायको आहे का?"

मला काही कळेना. मग उलगडा झाला. पहिल्या वर्षी अम्मांनी त्याला विचारलं होतं, घर कोण सांभाळतं. त्यानं नुकतंच शिकलेल्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं की बायकोनं सगळं घर उचलून धरलंय. अम्मांनी ते जसंच्या तसं घेतलं. इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर एक उंच, आडव्या बांध्याची, दंडांत ताकद असलेली बाई होती. आणि दारात उभी मी, त्याच्या खांद्यालाही न पोचणारी.

शिवणवाल्या बाईनं समजावून सांगितल्यावर अम्मा इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला धरावं लागलं. मग त्यांनी माझा दंड दोन बोटांनी दाबून पाहिला आणि मला आत नेलं.

त्याची खोली लहान होती. भिंती पिवळ्या. खाट नव्हतीच, जमिनीवर गादी. एका खिळ्यावर कामाचे कपडे, दुसऱ्यावर बाहेरचे. खिडकीतून नारळाचं झाड आणि समोरच्या घराची पाण्याची टाकी. मी गादीवर बसून सगळीकडे नीट पाहून घेतलं. तो दारात उभा राहून, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा माझ्याकडे पाहत होता.

"बरी हाय," मी म्हटलं.

"भिंतीले रंग देणार होतो तू येणार म्हून. वेळच नाही भेटला."

"नाही दिला ते बरं केलं."

खोलीबाहेरच्या गच्चीत एका फुटक्या टोपल्यात माती भरून त्यानं अंबाडी लावली होती. तीच आपली अंबाडी, लालसर देठाची, आंबट पानांची. पोळ्याला आला असताना आईकडून बी नेलं होतं, म्हणाला. अम्मांनी पहिल्यांदा ती पानं पाहिली तेव्हा त्यांना ती ओळखीची निघाली. तिथंही ही भाजी होते, फक्त नाव वेगळं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि मी अम्मांबरोबर स्वयंपाकघरात उतरले. अंबाडीची पानं दोन वाटे करून घेतली. त्यांनी त्यांच्या वाट्याची लाल मिरची आणि लसूण घालून परतून वाटली. मी माझ्या वाट्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवली. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मीठ हवं असलं की मी बोटं चोळून दाखवायचे. दुपारी जेवायला आलेल्या माणसांना अम्मांनी दोन्ही वाढलं आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. शेजारीण म्हणाली, "त्या म्हणतात, आज घर उचलणारीनं स्वयंपाक केलाय."

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शेवटचा भात तो दह्याबरोबर कालवून खात होता. वर लोणच्याची फोड. अम्मांनी न विचारता वाढलं आणि त्यानं न पाहता खाल्लं. आमच्या घरी त्यानं कधी दहीभात मागितला नव्हता. दुसऱ्या एका बाईला माझ्या नवऱ्याची एक सवय माहीत होती आणि मला नव्हती.

वर आल्यावर मी विचारलं, "घरी काहून नाही मागत दहीभात?"

त्याला प्रश्न समजायला वेळ लागला. "घरी कायले मागू?" तो म्हणाला. "घरी आलो की मले वरण-भाकर, ठेचा, हे सारं खाऊन घ्यावं वाटते. दिवस कमी असतात. दहीभातात एक जेवण कायले घालवू?"

मी त्याचा हात हातात घेऊन बसून राहिले. खाली अम्मा भांडी आवरत होत्या, त्याचा आवाज येत होता.

एक दिवस त्यानं मला कारखान्यात नेलं. नवी मशीन बाहेर पाठवायच्या आधी चालवून बघतात, त्यासाठी तिथं कापसाची पोती ठेवलेली होती. आमच्याच भागातून आलेली, असं त्यानं सांगितलं. सांगितलं नसतं तरी वासावरून मला कळलं असतं. नव्या रंगाच्या, तेलाच्या वासात तो कोरड्या बोंडांचा, उन्हाचा वास. मी पोत्यात हात घालून उभी राहिले. त्याच्या हाताखालची माणसं मला नमस्कार करून बाजूला थांबली. त्यानं मशीन सुरू केली. एका बाजूनं सरकी पडत होती, दुसरीकडून पांढरी रुई लाटेसारखी येत होती. एवढ्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. त्यानं नुसतं मान हलवून मला विचारलं, कसं आहे. टपरीवर बसून आलेल्या दिवसांतला त्याचा चेहरा मला आठवत होता. मीही नुसती मान हलवली.

परतीच्या दिवशी अम्मांनी मला नेसायला सुती साडी दिली आणि केसांत गजरा माळला. विमानतळावर दाराशी शिपाई उभा होता. तिकीट असलेल्यालाच आत सोडत होते. तो बाहेर राहिला.

एकटीनं विमानात बसायची मला भीती वाटत होती, आणि ती त्याला दिसू नये म्हणून मी बॅगेचा पट्टा उगाच नीट करत होते. त्यानं मला मुंबईला विमान कसं बदलायचं ते परत एकदा सांगितलं. मग म्हणाला, "पोहचली की फोन करजो."

"हौ. तुमी जेवून घ्या."

आत जाऊन मी वळून पाहिलं. काचेपलीकडे तो उभा होता, काचेला हात लावून. मी रांगेतून पुढे जात राहिले, आणि दिसेनासा होईपर्यंत तो तसाच उभा होता. घाटंजीच्या बसस्टँडवर मुलांना घेऊन मी कितीदा अशीच उभी राहिले होते. गाडीत बसून जाणारी मी कधीच नव्हते. जाणाऱ्याचे पायही इतके जड होतात, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

मुंबईला विमान बदललं, कुणाला न विचारता. नागपूरला उतरल्यावर फोन केला. तो खोलीवर होता.

"जेवले काय?" मी विचारलं.

"नाही. अम्मानं वाढलं होतं, पण नाही गेलं." मग म्हणाला, "तू गेल्यावर खोली लयच मोठी दिसून राह्यली. मी निघून गेल्यावर तुले दर वेळी असंच होते काय?"

"होते," मी म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशी शाळा असते. मंग जमते."

घरी पोचल्यावर मुलांनी खोदून खोदून विचारलं. विमानात काय दिलं खायला, ढग जवळून कसा दिसतो. सासूबाईंनी मात्र एकच विचारलं, "त्याले तिथं कोणी हाय काय, दुखलंखुपलं पाह्यले?" मी अम्मांचं सांगितलं. त्यांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि पुढच्या पोळ्याला तो आला तेव्हा अम्मांसाठी एक लुगडं पाठवलं.

त्यानंतर आमचे फोन लांबले. तो नुसतं जेवलो म्हणत नसे, काय जेवलो ते सांगायचा. शेजारणीनं नवं शिलाई मशीन घेतलं, समोरच्यांची टाकी गळते, असलं काहीबाही. ती माणसं माझ्याही ओळखीची होती, त्यामुळे मला विचारायला पुष्कळ असायचं.

आणखी काही वर्षांनी त्यानं ती नोकरी सोडली आणि यवतमाळला स्वतःचं लहानसं वर्कशॉप टाकलं. आसपासच्या जिनिंगचे रोलर दुरुस्त करायचं काम. तोवर काही जिनिंग परत सुरू झाल्या होत्या. नोकरी सोडताना कार्डावर थोडे पॉइंट होते, ते तसेच बाद झाले. त्याची आम्हाला हळहळ वाटली नाही.

सुरुवातीला रोज घरात असलेल्या नवऱ्याची सवय व्हायला मला वेळ लागला. त्यालाही. सकाळी पेपर कोणी आधी घ्यायचा, दिवा कधी मालवायचा, असल्या गोष्टींवरून आम्ही नवीन लग्न झाल्यासारखे अडखळायचो. त्या हिवाळ्यात तो कधी लवकर मोकळा झाला की मोटारसायकल घेऊन माझ्या शाळेवर यायचा. शाळेपासून थोडं पुढे आलो की मी गाडी थांबवायला सांगायचे. दोन्ही बाजूंना तुरी फुलावर असायच्या. तो गाडी ढकलत चालायचा, मी बाजूनं. बोलायला तसं खास काही नसायचं. मी मुलांच्या वह्यांचं काहीतरी सांगायचे, तो हूं हूं करायचा, आणि फाट्यावर आलो की पुन्हा गाडीवर बसून आम्ही घरी जायचो.